अकरा नंबरची पावलं

ऋतुराज पोवार यादीत दोनशे बाराव्या क्रमांकावर आला होता.

वसुधानं गणित पुन्हा चालवलं. उत्तर तेच आलं. मागच्या हंगामात हा मुलगा तिसरा होता. तेवीस वर्षांचा, डाव्या पायाचा, डाव्या बगलेवरून खेळणारा, एकही दुखापत नोंदलेली नाही. आणि तिचा सख्खा भाचा.

‘फड’ या खेळाची यादी वसुधा आणि तिचे तीन सहकारी पुण्यातून तयार करत. हा खेळ बसल्या जागी खेळायचा. आठ-दहा मित्रांनी जमायचं, चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवायची आणि एकेकानं खरे फुटबॉलपटू निवडून कागदावरचा आपला संघ बांधायचा. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. नंतर हंगामभर ते खेळाडू मैदानात जे करतील, त्याचे गुण त्यांना निवडणाऱ्याला. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणत, आणि ड्राफ्टच्या आधी कोण कितव्या मोलाचा हे सांगणारी यादी सगळ्यांना हवी असे. कॅमेरे स्वस्त झाल्यापासून शहरांच्या लीगही ‘फड’मध्ये आल्या होत्या. त्यांतली कोल्हापूरची यादी सर्वांत जास्त वाचली जाई. तिथे लोक खेळाडू निवडत नसत, आपली पेठ निवडत.

खरे क्लबही ती यादी वाचत, फक्त कबूल करत नसत. गोव्याच्या एका क्लबानं ऋतुराजशी दोन वर्षांचा करार ठरवला होता. सही येत्या बुधवारी होती.

वसुधानं घसरणीचं कारण उघडलं. गोल नव्हे, पासही नव्हेत. कारणाच्या जागी एकच शब्द होता: पाऊलस्मृती.

ही मोजणी तिच्याच प्रबंधातून निघालेली होती. निरोगी माणसाची पावलं घड्याळासारखी एकसारखी पडत नाहीत. एक किंचित लांबतं, दुसरं किंचित आखूड होतं. हे फरक दिसतात बेहिशेबी, पण तसे नसतात. आत्ता पडलेल्या पावलाचा संबंध शंभर पावलांपूर्वीच्या पावलाशी लावता येतो. जणू मज्जासंस्था आपली चाल लक्षात ठेवत असते. ही आठवण एका आकड्यात मांडता येते. एकच्या आसपास आकडा म्हणजे सगळं ठीक. अर्ध्यावर आला, म्हणजे पुढचं पाऊल नाणं उडवून ठरल्यासारखं पडतं आहे. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरू लागल्या की हा आकडा उतरतो, आणि तो हातापायांत काही जाणवायच्या दीड-दोन वर्षं आधी उतरतो. मैदानावरच्या साध्या कॅमेऱ्यांतूनही तो काढता येतो. ‘फड’नं तो घेतला तो खेळाडूचा थकवा ओळखण्यासाठी. रोग ओळखण्याची त्यांना परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती.

ऋतुराजचा आकडा अठरा महिन्यांत ढासळला होता. शेवटच्या दोन सामन्यांत तो शून्य पूर्णांक चौसष्टपर्यंत आला होता.

कच्ची यादी गुरुवारी संध्याकाळी सहाला जाहीर झाली. सव्वासहाला वहिनीचा, ऋतुराजच्या आईचा, फोन आला.

“ताई, यादी तुम्हीच करता न्हवं?”

“हो, वहिनी.”

“मग घरच्या पोराला दोनशे बारा? गल्लीतली माणसं दारात येऊन विचारून जायला लागल्यात. आत्तीनंच पाडला म्हणं भाच्याला.”

“नंबर मी नाही लावत. गणित लावतं.”

“गणिताला भाचा नसतोय. तुम्हाला हाय.”

वसुधानं विचारलं, “वहिनी, तो चालताना अडखळतो का कधी? हातातून काही पडतं का त्याच्या?”

पलीकडून वहिनी म्हणाली, “असं का विचारालाय?”

“यादी पक्की व्हायला रविवार आहे. मी येते उद्या.”

शुक्रवारी रात्री ती कोल्हापूरला पोचली आणि शनिवारी सकाळी वाघजाई तालमीच्या मैदानावर उभी होती. तालीम नावापुरती कुस्तीची राहिली होती. आतली तांबडी माती कुणी उकरत नसे. बाहेरच्या मैदानावर मात्र सकाळी सहापासून चेंडूचा आवाज सुरू होई. वसुधाचे थोरले भाऊ, अण्णा, इथले कोच होते. त्यांचे दोन्ही मुलगे इथेच खेळायला शिकले. थोरल्या विश्वजितनं दोन हंगामांपूर्वी लाइनमनवर हात उगारला आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तेव्हापासून अकरा नंबरचा शर्ट धाकट्या ऋतुराजकडे होता.

“काय आत्ती, पाडून समाधान झालं न्हाई व्हय?” ऋतुराज धावत आला. “आता किती? तीनशे?”

“बूट काढ. हे आत घाल.” तिनं पावलं मोजणारे, बुटात घालायचे तळवे पुढे केले. “मैदानाला अर्धा तास फेऱ्या मारायच्या. पळायचं नाही, चालायचं.”

“म्हाताऱ्यागत?”

“म्हाताऱ्यासारखं.”

अण्णा बांधावर बसून बघत होते. “बाजारात बैल बघाय आल्यागत बघालीस की त्याच्याकडं,” ते म्हणाले. गुरुवारपासून ती एकच वाक्य मनात जुळवत होती. तेवीस वर्षांच्या मुलाला ते कसं सांगायचं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची, हे तिला अजून जमलं नव्हतं.

अर्ध्या तासानं आकडा आला. शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.

तिनं तळवे बदलले आणि त्याला परत चालायला लावलं. शून्य पूर्णांक त्र्याण्णव. ती बांधावरच्या दगडावर बसली आणि मोठ्यानं हसली. अण्णांनी चमकून पाहिलं, कारण वसुधा अशी हसत नसे.

पण हसणं पुरतं संपायच्या आत दुसरा विचार आला. मरणाऱ्या पेशी परत उगवत नाहीत. चौसष्टचा आकडा चौऱ्याण्णव होत नाही. यंत्र बरोबर, कॅमेरे बरोबर, गणित तिनं तीनदा तपासलेलं. मग ती पावलं याची नव्हती.

मैदानावर चेहऱ्यावरून ओळख पटवायला कायद्यानं बंदी होती. ‘फड’ खेळाडूला शर्टाच्या नंबरावरून ओळखे आणि संघाच्या कागदावरचं नाव त्याला जोडे. तिनं लॅपटॉप उघडला आणि अकरा नंबरचे अठरा महिन्यांतले सगळे सामने वेगवेगळे मांडले. एकोणीस सामने चौऱ्याण्णवच्या आसपास. पाच सामने वेगळे. पाचही क्रमानं उतरत गेलेले: चौऱ्याऐंशी, ऐंशी, पंचाहत्तर, मग दोनदा चौसष्ट.

“ऋतू, इकडे ये.” तिनं पडद्यावरच्या तारखा त्याला दाखवल्या. “या दिवशी तू कुठं होतास?”

“कुठं म्हंजे? मैदानात.”

“ऋतू.”

त्यानं बापाकडे पाहिलं. मग चेंडू पायाखाली दाबून धरला. “गोव्यात. ट्रायलला.”

“पाचही वेळा?”

“व्हय.”

“मग अकरा नंबर कोणी घातला?”

उत्तर अण्णांनी दिलं. “वसू, ह्यात पडू नकोस. सगळ्या पेठेला म्हाईत हाय. दोघं भाऊ एका उंचीचे, एका दाढीचे, दोघं डावखोरे. समोरची तालीम गोलकीपर बदलतीय, त्यांचं आम्ही काढत न्हाई. आमचं ते काढत न्हाईत. फक्त कागदाला ठाऊक न्हाई.”

“आणि मला,” वसुधा म्हणाली.

“तू पंधरा वर्षं पुण्यात. तुला कोण सांगणार?”

“दादानं नुसती मदत केली, आत्ती,” ऋतुराज अजिजीनं म्हणाला. “पब्लिक त्यालाच ‘ऋत्या, ऋत्या’ करून वरडत होतं. लई हसलो आम्ही घरात. रागावू नको.”

ती रागावली नव्हती. तिनं पाचही आकड्यांकडे परत पाहिलं. तिच्याजवळचं वाक्य आता दुसऱ्या माणसाला सांगायचं होतं.

विश्वजित शिरोलीच्या एका फौंड्रीत मशीनवर होता. पहिली पाळी चारला सुटली तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती. सव्वीस वर्षांचा, दंडांवर काळी धूळ बसलेला विश्वजित तिला पाहून हसला.

“आत्ती! इथं? चल, चहा पाजतो. फौंड्रीचा चहा प्यालीस की पुण्याचा विसरशील.”

चहा टपरीच्या बाकावर तसाच राहिला. तिनं सगळं सांगितलं, पाऊलस्मृतीपासून. शेवटी त्यानं एकच विचारलं.

“म्हंजे ऋतूला काय झालेलं न्हाई?”

“नाही.”

“मग ठीक हाय.”

“ठीक नाही, विशू. ते तुझं आहे.”

“कळालं की मला.” त्यानं उजवा पाय पुढे घेतला. सुरक्षेच्या बुटाचं टोक पांढरं पडलं होतं. “हे बघ. उजव्याचंच झिजतंय. मी साहेबाला सांगून दोन जोड बदलले. म्हटलं बूट हलके देतात.”

ट्रकांची रांग फाटकातून बाहेर पडत होती. ती संपेपर्यंत तो बुटाचं टोक न्याहाळत राहिला.

“औषध असतंय काय ह्याच्यावर?”

“एक आहे. मिरजेला त्याचा प्रकल्प चालू आहे. पेशी मरायचा वेग ते कमी करतं. पण लक्षणं पुरती दिसायच्या आत सुरू करावं लागतं, आणि एका मोजणीवरून ते घेत नाहीत. कुणाकुणाचा आकडा जन्मतःच कमी असतो. उतरत गेलेला दिसावा लागतो, किमान सव्वा वर्षाचा. आणि त्या नोंदी रुग्णाच्या स्वतःच्या नावावर, सहीनिशी हव्यात. आजपासून मोजायला लागलो तर फार उशीर होईल.”

“नोंदी हाईत की तुझ्याकडं.”

“ऋतुराजच्या नावावर आहेत. तुझ्या नावावर करायच्या तर शर्टात तू होतास हे मला लिहून द्यावं लागेल. ते लिहिलं की नियमानं फुटबॉल असोसिएशनला कळतं.”

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. खोट्या नावानं खेळाडू उतरवला तर तालीम तीन वर्षं बाहेर, शर्ट ज्याच्या नावाचा तोही बाहेर. गोव्याची सही बुधवारी होती.

“आणि लिहून दिलं न्हाई तर?”

“तर तो दोनशे बारावर राहील, आणि गोवा मागे सरेल.” मग ती थांबली. पुढचं सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण सांगितलं. “एक आणखी मार्ग आहे. कॅमेऱ्यात दोष होता असं दाखवून ते पाच सामने काढून टाकता येतात. तो चौथ्या नंबरावर येईल. पण काढलेली नोंद कायमची जाते. परत मिळत नाही.”

“औषधानं मी बरा होणार?”

“नाही. हळू होईल.”

“किती हळू?”

“दोन वर्षांची तीन होतील. कदाचित चार.”

त्यानं खिशातून कापडाचा बोळा काढून तळहात पुसले, एकेक बोट वेगळं.

“पूस,” तो म्हणाला.

“विशू, नीट विचार कर.”

“केला. मला हात उगारायची अक्कल आली आणि माझं फुटबॉल संपलं. त्याचं मी संपवणार न्हाई. त्याला सांगू पण नको. शपथ घे.”

“शपथ नाही घेत मी.”

“बरं, नको घेऊ. नुसतं पूस.” तो उठला. “चहा निवला बघ तुझा.”

हरकत नोंदवायची मुदत शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत होती. वसुधा माहेरच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसली. खाली ऋतुराज आईला गोव्यात मासे कसे करतात ते सांगत होता, आणि वहिनी म्हणत होती, “नारळच जास्ती असणार, रस्सा कुठनं येणार त्यांना.”

पडद्यावर दोन पर्याय होते. कॅमेरादोष. ओळखदोष.

ती बराच वेळ बसली. मोजणी ज्याची आहे त्याच्या नावावर असली पाहिजे, हे ती पुण्यात पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. तिनं स्वतःला तेच कारण सांगितलं. खरं कारण साधं होतं. सव्वीस वर्षांच्या मुलाचं एक वर्ष तिच्या बोटाखाली होतं आणि ते तिला पुसता येत नव्हतं. आठला वीस मिनिटं असताना तिनं ‘ओळखदोष’वर बोट ठेवलं आणि खाली आपलं नाव लिहिलं.

रविवारी सकाळी तालमीत ड्राफ्ट होता. आठ जण सतरंजीवर गोल बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर कागद, मधोमध मिसळीच्या थाळ्या. चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. विश्वजितची पाळी तिसरी आली होती.

“पहिल्या दोघांनी ऋत्याला हात लावायचा न्हाई,” तो धमकावत होता. “माझा भाऊ मी घेणार.”

“दोनशे बाराला कोण हात लावतंय?” पहिल्या पाळीचा कासार म्हणाला.

“थांब, दहा वाजू दे. पक्की यादी येऊ दे,” विश्वजित म्हणाला आणि वसुधाकडे बघून हलकेच हसला.

दहाला सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कासारनं यादी वरपासून खाली सरकवली, परत वर नेली.

“अरे, आपलं कोणच न्हाई की.”

वाघजाईची अठराही नावं खोडलेली होती. खाली लहान अक्षरांत कारण होतं. अण्णांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं, एखादी नोटीस वाचावी तसं. ओळखदोष. खेळाडूबदल. संघ चौकशीपर्यंत स्थगित. हरकत नोंदवणाऱ्या, डॉक्टर वसुधा पोवार.

विश्वजितच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मांडीवरचा कागद खाली ठेवला, उठला आणि बाहेर गेला.

“आत्ती?” ऋतुराजला अजून समजलं नव्हतं. “बुधवारी सही हाय माझी.”

“विशू आजारी आहे,” वसुधा म्हणाली. हे वाक्य तिनं इतके दिवस जुळवलं होतं, आणि आता ते असं आठ माणसांपुढे, मिसळीच्या थाळ्यांवरून बाहेर पडलं. “त्या पाच सामन्यांशिवाय त्याला औषध मिळणार नाही.”

ऋतुराजनं दाराकडे पाहिलं. भावाच्या मागे तो अनवाणीच पळाला.

दुपारी ती निघाली तेव्हा वहिनीनं तिची बॅग उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली. “का?” एवढंच तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

गोव्याच्या क्लबानं दुसरा डावखोरा घेतला. वाघजाई तालीम तीन वर्षांसाठी बाहेर गेली. ‘फड’नं वसुधाला शाबासकीचं पत्र पाठवलं, आणि पुढच्या हंगामापासून तिनं कोल्हापूरची यादी दुसऱ्याकडे सोपवली.

विश्वजितला मिरजेच्या प्रकल्पात घेतलं. मोजणीची पद्धत वसुधाची असल्यामुळे दर सोमवारी अकराला रुग्णांचे आकडे तिच्याकडे येत, नावांशिवाय. एकतिसावा रकाना कुणाचा हे तिला विचारावं लागलं नाही. बासष्ट. बासष्ट. एकसष्ट. परत बासष्ट. माहेरहून फोन येत नव्हता. तिनं केलेला कुणी उचलत नव्हतं. तिला सोमवारचा तो आकडा तेवढा मिळे. औषध काम करत होतं.

सातव्या महिन्यात एका सोमवारी एकतिसावा रकाना रिकामा आला. पुढच्या सोमवारीही. तिनं ऋतुराजला फोन लावला. या वेळी त्यानं उचलला.

“बोल.”

“विशू मिरजेला गेला नाही का?”

“न्हाई म्हणतोय. बास झालं म्हणतोय.” त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. “मी गाडी काढून उभा राहतो, तो भिंतीकडं तोंड करून झोपतो. आत्ती, एक खरं सांग. हे औषध घेऊन त्याला किती जास्ती मिळणार?”

“एक वर्ष. फार तर दोन.”

“बरं. लिहून द्यायच्या आधी त्याला विचारलंवतंस?”

“विचारलं होतं.”

“काय म्हणाला?”

वसुधाला हे सांगायचं नव्हतं. पण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. “पूस म्हणाला. तू गोव्याला जावंस म्हणून.”

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

“आणि मला?” ऋतुराजनं विचारलं.

“काय?”

“मला का न्हाई विचारलंस? मी खालीच बसलोवतो की, स्वयंपाकघरात. जिना उतरून आली असतीस तर मी म्हणालो असतो, दे लिहून. मीच गेलो असतो असोसिएशनला. माझ्या हातानं दिलं असतं तर दादानं घेतलं असतं ते. आता त्याला वाटतंय, माझं काढून घेऊन त्याला घातलंय. म्हणून गिळत न्हाई त्याला.”

त्या संध्याकाळी तिनं सगळं मोजलं होतं, दोन वर्षं, तीन वर्षं, नियम, मुदत. जिन्याच्या बारा पायऱ्या तिच्या मनातही आल्या नव्हत्या.

“सुचलं नाही मला, ऋतू.”

“व्हय,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. “ते, तो पूस म्हणाला ते. त्यानं सांगितलं न्हवतं मला.”

“त्याला सांगायचं नव्हतं.”

“ठेवतो आता. त्याच्याजवळ जाऊन बसतो जरा.”

फोन बंद झाला. तिनं परत लावला नाही.

पुढच्या सोमवारी अकराला आकडे आले. वसुधा एकेक रकाना खाली सरकत गेली. एकतिसाव्यात अठ्ठावन्न होता. दोन आठवड्यांच्या खंडानं तो घसरला होता, आणि तो आता वर येणार नव्हता. पण रकाना रिकामा नव्हता.